अर्थशास्त्रज्ञाचा कागद आणि विद्यार्थ्याची तपासणी

आम्ही बँकेत कारकून आहोत, अर्थशास्त्रज्ञ नव्हे. तरी मंडळाच्या अभ्यासिकेत येणाऱ्या बारावीच्या एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, “काका, अर्थशास्त्राचा प्राध्यापक शिकवून झाल्यावर दिवसभर करतो तरी काय?” त्या वेळी आम्हांस धड उत्तर देता आले नाही. पुढे थोडे वाचन केले, ते येथे मांडीत आहोत.

शिकविणे हा त्याच्या नोकरीचा एक भाग. दुसरा, आणि बढतीच्या दृष्टीने अधिक वजनाचा भाग संशोधनाचा. अमेरिकेतील विद्यापीठांत पहिली काही वर्षे नेमणूक कायम नसते. निबंध कोठे छापून आले हे पाहून पुढचा निर्णय होतो. नियतकालिकाकडे पाठविलेला निबंध जाणकारांकडे जातो, ते शेरे मारतात, लेखक दुरुस्त्या करतो, निबंध पुन्हा जातो. यात दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. म्हणून छापण्यापूर्वीचा मसुदा आधीच इतरांस दाखविण्याची प्रथा या विषयात पडली. त्याला ‘वर्किंग पेपर’ म्हणतात. पूर्वी हे मसुदे टपालाने जात, म्हणजे ज्याची मोठ्या विद्यापीठांत ओळख त्यालाच ते मिळत. १९९३ साली थॉमस क्रिशेल यांनी अशा निबंधांची माहिती इंटरनेटवर ठेवण्यास आरंभ केला, आणि त्यातून १९९७ मध्ये ‘रेपेक’ ही स्वयंसेवकांनी चालविलेली व्यवस्था उभी राहिली. प्रत्येक संस्था आपल्या निबंधांची नोंद आपल्याच संगणकावर ठेवते, रेपेक त्या नोंदी एकत्र गुंफते. वाचकास त्यासाठी फी नाही.

पण नुसता निबंध खुला झाल्याने भागते काय? आमच्या बँकेत व्हाउचर लिहिणारा एक आणि पास करणारा दुसरा असतो. पास करणाऱ्याला व्हाउचर न दाखविता केवळ बेरीज सांगितली, तर तो सही करील काय? येथेच २०१३ सालची हकिकत सांगण्याजोगी आहे.

कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ हे अमेरिकेतील नामवंत अर्थशास्त्रज्ञ. २०१० मध्ये त्यांनी कर्ज आणि विकास यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. वीस प्रगत देशांचे १९४६ ते २००९ चे आकडे घेऊन त्यांनी दाखविले, की सरकारी कर्ज वार्षिक उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेले की वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्का होतो. तेव्हा युरोपात सरकारी खर्चावर कात्री चालली होती. ती कात्री एका निबंधाने चालविली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु कपातीची बाजू मांडणाऱ्यांनी त्याचा आधार घेतला, हे खरे. अमेरिकेत पॉल रायन यांच्या २०१३ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावातही त्याचा उल्लेख होता. कपात म्हणजे अखेर कोणाची तरी नोकरी, कोणाचे तरी पेन्शन.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गात गृहपाठ मिळाला: प्रसिद्ध झालेला एखादा निबंध घ्या आणि त्यातील उत्तर पुन्हा काढून दाखवा. त्याने हाच निबंध घेतला. उत्तर जुळेना. प्राध्यापकांना प्रथम वाटले, पोराचेच चुकत असणार. अखेर त्याने मूळ लेखकांकडे तक्ता मागितला आणि त्यांनी तो पाठविला. (हा त्यांचा मोठेपणा विसरता कामा नये.) तक्त्यातील सरासरीचे सूत्र ३० ते ४९ ओळींऐवजी ३० ते ४४ ओळींवरच चालले होते! ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश बेरजेत आलेच नव्हते.

या चुकीने मात्र फरक थोडाच पडला होता. मोठा फरक दुसरीकडे होता. ९० टक्क्यांवर कर्ज असलेली ब्रिटनची एकोणीस वर्षे, त्यांची सरासरी वाढ २.४ टक्के. न्यूझीलंडचे फक्त एक वर्ष, १९५१, वाढ उणे ७.६. अंतिम सरासरीत दोघांना सारखेच वजन! शिवाय न्यूझीलंडची १९४६ ते १९४९ ही चार वर्षे गाळलेली होती. ती आकडेवारी तेव्हा आपल्या संचात पडताळून आलेली नव्हती, असे लेखकांचे म्हणणे. हर्नडन, मायकेल ॲश आणि रॉबर्ट पॉलिन यांनी सर्व धरून हिशेब केला तेव्हा उणे ०.१ च्या जागी २.२ टक्के आले. कमी कर्जाच्या देशांपेक्षा हा दरही कमीच आहे; पण ९० टक्क्यांवर कडा कोसळावा तसे काही दिसत नाही. राइनहार्ट-रोगॉफ यांनी सूत्राची चूक तत्काळ मान्य केली. वजनाच्या पद्धतीबद्दल त्यांनी वाद घातला.

नव्या निबंधावर पहिले नाव हर्नडनचे आहे. अर्थशास्त्रात नावे बहुधा इंग्रजी वर्णानुक्रमाने देतात. त्या हिशेबाने ॲश यांचे नाव आधी यायला हवे होते. प्राध्यापकांनी विद्यार्थ्याला पुढे केले, हे आम्हांस फार आवडले. एप्रिल २०१३ मध्ये निबंध, आकडे आणि गणिताच्या सूचना असे सर्वच इंटरनेटवर ठेवले गेले. नियतकालिकात तो छापून येण्यास २०१४ उजाडले, पण वाद तोवर जगभर पोहोचला होता. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २०१९ पासून निबंध छापण्यापूर्वीच आकडे व सूचना मागवून उत्तर पडताळण्याचा नियम केला आहे.

बारावीच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही अभ्यासिकेत बसवून न्यूझीलंडची पाच वर्षे कागदावर लिहून दिली: ७.७, ११.९, उणे ९.९, १०.८, उणे ७.६. त्याने पेन्सिलीने सरासरी काढली, २.५८. हर्नडनच्या निबंधात २.६ आहे. मग त्याने विचारले, “काका, ब्रिटनचे एकोणीस आकडे कोठे मिळतील?”