दिव्यांग बालकांचे मनःस्वास्थ्य : सोय आणि सूट

आपल्या कोकणातील गावांचा आणि मुंबईतील लालबाग-परळ भागाचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तरी तेथील चाळींतून गावकीच्या खोल्या अद्याप आहेत. गावातील एखाद्या मुलाचा पाय अधू झाला, बोलणे उमटेना किंवा झटके येऊ लागले, म्हणजे आईबाप त्यास घेऊन अशाच एखाद्या खोलीवर उतरतात आणि सकाळी केईएम किंवा वाडिया रुग्णालयाच्या रांगेत उभे राहतात. काही दिवसांनी मूल गावी परत येते. त्याच्या पायात कॅलिपर किंवा कानात यंत्र असते, आणि आईच्या हाती कागदांची जाड फाईल असते. शरीराविषयी जे सांगावयाचे ते त्या फायलीत लिहिलेले असते. मनाविषयी मात्र तीत बहुधा एक ओळही नसते. मनाचे काम यानंतर घराकडे आणि शाळेकडे येते. त्यांपैकी शाळेच्या वाट्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मनःस्वास्थ्य याचा अर्थ मूल सदैव हसतमुख असणे असा नाही. आपण येथे हवे आहोत, आपल्यावाचून काहीतरी अडते, चुकल्यास पुन्हा करून पाहता येते, आणि दुःख झाल्यास ते सांगावयास कोणी आहे, एवढी खात्री ज्या बालकास आहे त्याचे मन निरोगी समजावे. दिव्यांग बालकाची ही खात्री केवळ अपंगत्वामुळे नाहीशी होत नाही; भोवतालच्या माणसांच्या वागणुकीने ती झिजत जाते. टिंगल करणाऱ्यांमुळे ती झिजते हे आपण सर्व जाणतो. दया करणाऱ्यांमुळेही ती तितकीच झिजते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

ही गोष्ट मला माझ्या चुकीने शिकविली. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका द्विशिक्षकी शाळेत शिकवीत असता माझ्या तिसरीच्या वर्गात पोलिओने पाय अधू झालेला एक मुलगा होता. कवायतीच्या वेळी मी त्यास म्हणे, “तू बस, बाळ.” अंगण झाडताना, झाडांना पाणी घालताना, प्रभातफेरीस निघताना हेच वाक्य. पाढा पाठ नसला तरी मी “राहू दे” म्हणून पुढे जाई. आपण त्यास सुख देत आहोत अशी माझी प्रामाणिक समजूत होती. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत येईनासा झाला. मी घरी गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, “गुरुजी, तो म्हणता, शाळेत माका कायच काम नाय.”

दुसऱ्या दिवसापासून शाळेची घंटा देण्याचे काम मी त्याजकडे सोपविले. ओसरीच्या वाशाला टांगलेला रुळाचा तुकडा त्याचा हात पोहोचेल इतका खाली घेतला. तो परत आला, आणि सर्वांच्या आधी येऊ लागला. परंतु माझ्याशी मोकळेपणाने बोलावयास त्यास पुढे वर्ष लागले.

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ साली आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. माझ्या हातून घडलेली चूक मात्र आजही आपल्या वर्गांतून घडते. म्हणून सोय आणि सूट यांतील भेद शिक्षकाने स्पष्ट समजून घ्यावयास हवा. जिच्यायोगे मूल कामापर्यंत पोहोचते ती सोय. जिच्यायोगे ते कामापासून दूर बसविले जाते ती सूट. पुढची जागा, मोठ्या अक्षरांचा कागद, परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक, दारातील उतार या सोयी आहेत. त्या दिल्याच पाहिजेत. “तुला नाही जमले तरी चालेल” ही सूट आहे. तिचा अर्थ मूल असा लावते की, गुरुजींना माझ्याकडून काहीच अपेक्षा नाही.

मुंबईतील ज्या संस्थांनी या क्षेत्रात वाट पाडली, त्यांच्या मुळाशी हाच विचार दिसतो. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी १९०० साली, दुष्काळाच्या काळात, अंध मुलांना शिकविण्यास प्रारंभ केला; ती शाळा आज दादर येथे अंध मुलींची कमला मेहता शाळा म्हणून चालू आहे. शिवडीची जय वकील शाळा १९४४ साली एका आईबापांच्या घरातच सुरू झाली, कारण त्यांच्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीस योग्य अशी शाळा नव्हती. स्वतःच्या मुलीस पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी १९४७ साली मुंबईत अशा मुलांच्या पुनर्वसनाचे कार्य हाती घेतले. मिठू अलूर यांनी १९७२ साली सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी संस्था स्थापन केली. त्यांची कन्या मालिनी चिब यांचे उच्चार सहज कळत नाहीत. तरी त्यांनी महाविद्यालयीन शिक्षण घेतले आणि एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. उच्चार अस्पष्ट म्हणून बुद्धीही मंद, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी ठेवावे. या संस्था उभारणाऱ्यांनी मुलांना शिकण्यातून सूट दिली नाही. शिकण्याची सोय केली.

आणखी एक पाऊल मुंबईतच पडले. त्या वेळी नागपाड्यास असलेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ साली भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. मुलाचा हट्ट, मुकेपणा किंवा शाळा चुकविणे यांस शिक्षा करण्यापूर्वी त्यांचे कारण घरी, शाळेत आणि प्रकृतीत शोधावे, ही बालमार्गदर्शनाची पद्धत. हे विद्यालय म्हणजेच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था होय.

हा शोध खेड्यातील शिक्षकासही घेता येतो. पुढील गोष्टींकडे लक्ष असावे. विशिष्ट तासालाच पोट दुखणे. पूर्वी बोलणारे मूल गप्प होणे. इतरांनी हसण्याआधी स्वतःच स्वतःवर हसणे. अन्न टाकणे, झोप उडणे. काहीही विचारले तरी “हो” म्हणणे. कॅलिपर लावणारी एखादी मुलगी दिवसभर पाणीच पीत नसेल, तर शौचालयाची पायरी तिला चढता येते काय, हे आधी पाहावे. तिच्या चिडखोरपणाचे कारण कदाचित त्या पायरीपाशीच सापडेल.

प्रत्यक्ष वर्गात पुढील पथ्ये पाळावीत :

१. बालकास त्याच्या नावानेच हाक मारावी. व्यंगावरून पडलेले टोपणनाव वर्गात, शिक्षककक्षात किंवा गावात कोणी उच्चारल्यास तेथल्या तेथे दुरुस्त करावे.

२. रोज एक खरे काम द्यावे. जे न झाल्यास वर्गाचे अडेल, तेच खरे काम.

३. मदत करण्यापूर्वी “कशी करू?” असे मुलासच विचारावे, व वर्गासही तशी सवय लावावी.

४. मुलासमोर त्याच्याविषयी तो तेथे नसल्यासारखे बोलू नये.

५. आईला दोष देऊ नये. गरोदरपणी ग्रहण पाहिल्याने अपंगत्व येते, ही समजूत खोटी आहे, हे पालकसभेत स्पष्ट सांगावे.

शिक्षकाने आपली मर्यादाही ओळखावी. उदासी किंवा भीती दोन आठवडे टिकून राहिल्यास पालकांशी व समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांशी बोलावे, आणि मुलास ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवावे. मूल मरणाची भाषा बोलू लागल्यास ती थट्टा समजू नये, त्यास एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी पालकांना व मुख्याध्यापकांना कळवावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे; तो कार्यालयात दिसेल असा लावून ठेवावा.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली असून, लक्षणीय स्वरूपाचे अपंगत्व असलेल्या बालकांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. कायद्याने मूल शाळेच्या पटावर येते. त्यास वर्गात आणणे हे आपल्या हाती आहे. उद्या परिपाठाच्या वेळी ओळीबाहेर बसलेले मूल कोणते, हे प्रत्येकाने पाहावे, आणि त्यास तेथे कोणी बसविले, हे स्वतःस विचारावे.