जखम कुठेच नाही, तरी दुखतं

२००२ साली अमेरिकेत रिचर्ड ग्रेसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. अंगठ्याच्या नखावर मोजून-मापून दाब द्यायचा आणि त्याच वेळी मेंदूचं स्कॅनिंग करायचं. एका गटात फायब्रोमायल्जियाचे, म्हणजे सगळं अंग कायम दुखत राहण्याच्या आजाराचे रुग्ण होते, दुसऱ्यात निरोगी माणसं. निरोगी माणसांना जो दाब जेमतेम जाणवत होता, त्याच दाबाने रुग्णांच्या मेंदूतली वेदनेशी संबंधित केंद्रं पेटून उठत होती. तेवढंच दुखावं म्हणून निरोगी माणसांच्या नखावर जवळजवळ दुप्पट जोर द्यावा लागला. नखं मात्र दोन्ही गटांची धडधाकट होती.

वर्षानुवर्षं 'रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत, मनावर घेऊ नका' असं ऐकत आलेल्या माणसासाठी त्या स्कॅनचं मोल केवढं असेल! एक्स-रे स्वच्छ, रक्त स्वच्छ, सांध्याला सूज नाही, आणि तरी सकाळी उठताना सगळं अंग ठेचून काढल्यासारखं. जगात शंभरातल्या दोन-तीन माणसांना हा आजार असतो आणि त्यांत बायका जास्त. म्हणजे कोलकात्यासारख्या शहरात अशी माणसं लाखांत मोजावी लागतील.

दुर्गापूजेच्या मंडपातला ध्वनिक्षेपक फार वाढवून ठेवला की माइकजवळ नुसता पदर सळसळला तरी कर्णा किंचाळतो. या आजारात मज्जासंस्थेचं असंच होतं. त्वचा, स्नायू, सांधे यांच्याकडून येणारे साधे संदेश पाठीच्या कण्यात आणि मेंदूत मोठे होऊन पोचतात. शिवाय मेंदूकडून खाली येऊन वेदना दाबून टाकणारी जी यंत्रणा प्रत्येकात असते, ती इथे मंदावलेली असते. दुखणं शंभर टक्के खरं, फक्त ते घडतं निराळ्या ठिकाणी.

ही यंत्रणा बिघडते कशाने? कधी अपघाताने, कधी दीर्घ ताणाने, कधी आनुवंशिक कलाने, आणि कधी एखाद्या तापाने. इथे कोलकात्याचं नाव वैद्यकाच्या इतिहासात येतं. १९६३ साली या शहरात तापाची मोठी साथ आली आणि रुग्णांच्या रक्तात चिकुनगुन्याचा विषाणू सापडला. भारतातली या रोगाची ही पहिली नोंदलेली साथ. दहा वर्षांनी, १९७३ मध्ये, तो आपल्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला उतरला. मग तीन दशकं जवळजवळ शांतता, आणि २००६ मध्ये देशभर सुमारे चौदा लाख संशयित रुग्ण. ज्यांच्या घरात तेव्हा कुणी आजारी होतं त्यांना आठवत असेल, ताप आठवड्यात उतरला, पण सांधे कित्येक महिने धरलेलेच राहिले. काहींना खरोखरचा संधिवात जडला. पण काहींच्या बाबतीत सूज ओसरली, विषाणू गेला, आणि दुखणं तेवढं मागे राहिलं.

झोपेची गोष्ट मला सगळ्यांत थक्क करते. १९७५ साली टोरांटोत हार्वे मोल्डॉफ्स्की यांनी निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत झोपवलं आणि ते गाढ झोपेत शिरू लागले की आवाज करून त्यांची झोप मोडली, पुरतं जागं न करता. थोड्याच रात्रींत त्या ठणठणीत मुलांचं अंग सकाळी आंबलेलं असे आणि स्नायू दाबले की दुखत. गाढ झोप परत मिळाली तसं ते दुखणंही ओसरलं. दुखतं म्हणून झोप लागत नाही, हे आपण सगळेच म्हणतो. झोप लागत नाही म्हणूनही दुखतं, हे त्या प्रयोगाने दाखवलं. म्हणून उपचारात रोज ठरावीक वेळी झोपणं-उठणं याला गोळीइतकंच महत्त्व आहे.

आता रोजचं घर. बंगाली स्वयंपाकघरात बोंटी असते, आपल्या विळीसारखीच. जमिनीवर उकिडवं बसून, पायाखाली दाबून, मान खाली घालून भाजी चिरायची. त्यात मान, खांदे, कंबर, गुडघे, काही म्हणता काही सुटत नाही. दुखणं कमी असलं की बाई ठरवते, आजच सगळं उरकून घेऊ: बोंटीवर दोन दिवसांची भाजी, मग गडियाहाटची खरेदी, वर मेट्रोचे जिने. पुढचे तीन दिवस अंथरुणात. मग अंथरुणातल्या त्या दिवसांनी स्नायू आणखी दुबळे होतात आणि पुढच्या वेळी कमी कामातच अंग मोडून येतं. हे चक्र मोडायचं तर चांगल्या दिवशी हात आखडता घ्यावा लागतो आणि वाईट दिवशी थोडं तरी हलावं लागतं. बोंटी ओट्यावरच्या सुरीला जागा देते, पाव तासाने उठून पाय मोकळे केले जातात. रवींद्र सरोवराच्या काठी पहाटे चालणाऱ्यांत अशा बाईने मिसळावं, पण सुरुवात पाच-दहा मिनिटांचीच असावी आणि वाढ आठवड्यागणिक मिनिटा-दोन मिनिटांची. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सगळे उपचार तोलून पाहिले, तेव्हा ठाम शिफारस एकाच गोष्टीची केली: व्यायाम.

गोळ्यांचंही एक नवल आहे. नैराश्यावरची म्हणून ओळखली जाणारी अॅमिट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत इथे देतात. चिठ्ठी वाचून घरचे म्हणतात, 'म्हणजे वेडाचीच गोळी ना?' आणि ती बंद होते. फार वाईट वाटतं याचं. वेदना दाबणारी ती मेंदूतली यंत्रणा सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनलिन या रसायनांवर चालते, आणि ही गोळी त्यांचाच पुरवठा टिकवते. उलट मॉर्फिनच्या जातीची जबर औषधं इथे फारशी चालत नाहीत. २००७ साली मिशिगनमधल्या संशोधकांना रुग्णांच्या मेंदूत अशा औषधांना धरणाऱ्या जागा कमी मोकळ्या आढळल्या. कदाचित शरीराने स्वतःच वेदनाशामक तयार करून त्या आधीच भरून टाकल्या असाव्यात.

कोलकात्यात सियालदहच्या राज्य विमा रुग्णालयात केवळ वेदनेवर उपचार करणारी सरकारी संस्था आहे. विमाधारक कामगार आणि त्यांच्या घरचे तिथे येतात. ओझी उचलणाऱ्या, दिवसभर यंत्रापुढे उभं राहणाऱ्या माणसांच्या दुखण्यासाठी स्वतंत्र जागा असणं ही मला मोठी गोष्ट वाटते, कारण 'काही झालेलं नाही' हे वाक्य त्यांनाच सर्वांत जास्त ऐकावं लागतं.

२०२१ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या डेव्हिड अँडरसन यांच्या गटाने आणि लिव्हरपूल, स्टॉकहोममधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांच्या रक्तातली प्रतिद्रव्यं काढून उंदरांना टोचली. ते उंदीर दाबाला आणि गारठ्याला दचकू लागले, त्यांच्या पंजांचा जोर कमी झाला. निरोगी माणसांची प्रतिद्रव्यं टोचलेल्या उंदरांना काहीच झालं नाही. काही आठवड्यांत ती प्रतिद्रव्यं शरीरातून निघून गेली आणि दचकणारे उंदीर पूर्ववत झाले. आता शोध चालू आहे तो हा, की माणसाच्या रक्तातूनही ती अशीच कमी करता येतील का.