एकच चेंडू, वेगळा कप

वाचण्यापूर्वी: हा पाठ क्रिकेटबद्दल आहे, पण क्रिकेट येत नसलं तरी समजेल. आधी न थांबता एकदा वाचा. अवघड शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत.

अमेरिकेतल्या बेसबॉलची एक गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. तिथल्या मोठ्या लीगमध्ये अनेक दशकं काळ्या खेळाडूंना जागाच नव्हती. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मैदानात उतरला आणि ती भिंत पडायला सुरुवात झाली. पुढे १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. सगळा देश अस्वस्थ होता. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात दोन नामवंत पिचर समोरासमोर आले: काळा बॉब गिब्सन आणि गोरा डेनी मॅकलेन. गिब्सनने त्या दिवशी १७ जणांना स्ट्राइकआउट केलं.

अशी एक गोष्ट आपल्याकडेही आहे, आणि ती रॉबिन्सनच्याही ४० वर्षं आधीची आहे. फरक एवढाच, की तिथे पिचर होते, इथे गोलंदाज. तिथे प्रश्न रंगाचा होता, इथे जातीचा. मी मराठी माध्यमात शिकलो, पण आमच्या पुस्तकांत मला ही गोष्ट कधी भेटली नाही. म्हणून ती तुमच्या पुस्तकात घेतली आहे.

१. महिना चार रुपये

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. त्यांचं कुटुंब चर्मकार समाजातलं होतं. त्या काळी या समाजाला 'अस्पृश्य' मानत. म्हणजे वरच्या जातीचे लोक त्यांना शिवत नसत, त्यांच्यासोबत जेवत नसत आणि त्यांना आपल्या विहिरीवर पाणी भरू देत नसत.

पुण्यात बाळूंना इंग्रजांच्या क्लबमध्ये नोकरी लागली. पगार महिना ४ रुपये. काम काय? खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, रेषा आखायच्या, नेट लावायची आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकायचे. फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्याला येत नसे. बॅट साहेबाच्या हातात आणि चेंडू बाळूंच्या हातात, असं रोज तासन्‌तास चालायचं.

पण याच कामातून एक मोठा गोलंदाज घडला. बाळू डाव्या हाताने फिरकी टाकत. जे. जी. ग्रेग हा तिथला नावाजलेला इंग्रज फलंदाज. त्याने सरावासाठी बाळूंनाच निवडलं. असं सांगतात, की बाळूंनी बाद केलं की ग्रेग दर वेळी त्यांना आठ आणे देई. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. आठ वेळा बाद केलं, की महिन्याचा पगार वसूल!

२. मैदानात एक नियम, चहाला दुसरा

पुण्यातल्या हिंदू क्लबला इंग्रजांना हरवायचं होतं आणि त्यासाठी बाळूंसारखा गोलंदाज हवा होता. पण क्लबमध्ये बहुतेक जण ब्राह्मण होते. 'अस्पृश्य' माणसाला संघात घ्यायचं की नाही, यावर बराच वाद झाला. शेवटी घेतलं.

मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत. त्यात कुणाला काही वाटत नसे. पण चहाची सुट्टी झाली की बाकीचे खेळाडू आत बसत आणि बाळूंना बाहेर चहा मिळे. तोही मातीच्या, वापरून फेकून द्यायच्या कपात. जेवणाचं ताटही वेगळं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? दुबईत कॅफेटेरियातला करक चहा आपण कागदी कपातच पितो की! बरोबर. पण तिथे सगळ्यांनाच कागदी कप मिळतो. पुण्यात बाकीच्यांना चिनी मातीचे कप होते. फेकायचा कप फक्त बाळूंसाठी होता.

याच काळात पुण्याच्या संघाने साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याला हरवलं. बाळूंनी सात बळी घेतले. समाजसुधारक न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: जो तुमच्यासोबत खेळतो, तो तुमच्यासोबत जेवूही शकतो.

३. दोन डावखुरे

पुढे बाळू मुंबईला आले. त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली आणि ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. आज तुमच्या टीममध्ये मल्याळी, पाकिस्तानी, ब्रिटिश अशी सगळी मुलं एकत्र असतील. तेव्हा मुंबईत मात्र संघ धर्मावरून ठरत: युरोपियन, पारशी, हिंदू आणि नंतर मुस्लिम.

१९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं. ज्यांनी भारतावर राज्य केलं, त्यांना त्यांच्याच खेळात हरवलं! या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता.

पारशी संघातही एक उत्तम गोलंदाज होता, जहांगीर वॉर्डन. तोही डावखुरा, तोही फिरकी टाकणारा. मुंबईच्या स्पर्धेत हे दोघे प्रतिस्पर्धी होते. पण १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला, तेव्हा दोघे एकाच संघात आले. पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग कप्तान होते. संघ बरेच सामने हरला. बाळूंचं वय पस्तिशीच्या आसपास होतं, खांदाही दुखत होता. तरी त्यांनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. लोक त्यांची तुलना विल्फ्रेड ऱ्होड्स या महान इंग्रज गोलंदाजाशी करू लागले.

आता जरा विचार करा. वॉर्डन आणि बाळू यांची कला एकच होती. इंग्रजांसमोर दोघेही परकेच होते. पण वॉर्डनला त्याच्या स्वतःच्या संघात चहाच्या कपासाठी झगडावं लागलं नाही. बाळूंना दोन सामने खेळावे लागले: एक समोरच्या संघाशी आणि एक आपल्याच माणसांशी.

४. कप्तान कोण?

बाळू एकटे नव्हते. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे भाऊही चांगले क्रिकेटपटू होते. हळूहळू हिंदू जिमखान्यात त्यांना सगळ्यांसोबत जेवायला बसता येऊ लागलं. पण एक दार अजून बंद होतं. बाळू संघातले सर्वांत अनुभवी खेळाडू असूनही त्यांना कप्तान कुणी करेना.

१९२० साली हा वाद उघड्यावर आला. बाळूंना संघातून वगळलं. कप्तान एम. डी. पै आजारी पडले, तेव्हा विठ्ठल यांना डावलून दि. ब. देवधर यांना कप्तान केलं. देवधर ब्राह्मण होते आणि फार चांगले फलंदाजही होते. प्रश्न त्यांच्या खेळाचा नव्हता. प्रश्न हा होता, की विठ्ठल यांचा विचार का झाला नाही? विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायलाच नकार दिला आणि आपलं म्हणणं जाहीरपणे मांडलं. लोकांमध्ये खूप चर्चा झाली. गांधीजींची अस्पृश्यतेविरुद्धची मोहीमही याच काळात जोर धरत होती.

शेवटी जिमखान्याने माघार घेतली. अंतिम सामन्यात बाळू उपकप्तान झाले. पै काही वेळ मैदान सोडून गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ सांभाळला. पुढे १९२३ साली विठ्ठल पूर्ण कप्तान झाले आणि हिंदू संघ जिंकला.

बाळूंनी इतके बळी घेतले, पण त्या बळींमुळे हे दार आपोआप उघडलं नाही. भावांनी 'नाही' म्हटलं आणि लोक त्यांच्या बाजूने बोलले, तेव्हा ते उघडलं.

५. मैदानाबाहेरचा सामना

१९३७ साली मुंबईत निवडणूक झाली. एका बाजूला डॉ. बाबासाहेब आंबेडकर, दुसऱ्या बाजूला काँग्रेसचे उमेदवार बाळू. दोघांनीही अस्पृश्यता सोसली होती आणि दोघांनाही ती संपवायची होती. मार्ग मात्र वेगळे होते. बाबासाहेबांना १३,२४५ मतं मिळाली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेब जिंकले.

बाळू १९५५ साली मुंबईत वारले. प्रथम श्रेणीच्या फक्त ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले होते. भारताचा पहिला कसोटी सामना झाला १९३२ साली, म्हणून 'कसोटीवीर' हे नाव त्यांना कधी मिळालं नाही. आता शारजा किंवा दुबईच्या स्टेडियममध्ये एखादा डावखुरा फिरकी गोलंदाज दिसला, तर शेजारी बसलेल्या मित्राला पालवणकर बाळूंबद्दल सांगा. मराठीत सांगितलंत तर उत्तमच!

शब्दार्थ
खेळपट्टी – मैदानाचा मधला सपाट भाग, जिथे चेंडू टाकतात
डावखुरा – डावा हात जास्त वापरणारा
बळी घेणे – फलंदाजाला बाद करणे
प्रतिस्पर्धी – विरुद्ध बाजूने खेळणारा
वगळणे – न घेणे, बाहेर ठेवणे
डावलणे – हक्क असूनही मुद्दाम बाजूला ठेवणे
माघार घेणे – आपला हट्ट सोडणे

भाषेकडे लक्ष द्या
या पाठात बाळू एकच आहेत, तरी आपण 'बाळू आले', 'बाळूंनी बळी घेतले' असं लिहिलं आहे. याला आदरार्थी बहुवचन म्हणतात. आजोबा, शिक्षक, डॉक्टर यांच्याबद्दल आपण असंच बोलतो. ग्रेगबद्दल मात्र 'तो' वापरलं आहे. ती वाक्यं शोधा आणि आदरार्थी करून लिहा.

उत्तरं लिहा
१. इंग्रजांच्या क्लबमध्ये बाळू कोणकोणती कामं करत?
२. मातीचा कप आणि कॅफेटेरियातला कागदी कप यांत लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?
३. बाळूंना दोन सामने खेळावे लागले, असं लेखक का म्हणतो?
४. विठ्ठल आणि शिवराम यांच्या जागी तुम्ही असता तर खेळला असता का? पाच-सहा वाक्यांत लिहा. आई-बाबांशी किंवा आजी-आजोबांशी आधी बोललात तरी चालेल.