बुंध्यावरचा कागद

संपादकांना वृक्ष प्राधिकरणाचा परिचय हवा होता. महाराष्ट्राचा १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा उघडला की तो मिळतो. महापालिकेत आयुक्त अध्यक्ष, सोबत नगरसेवक आणि झाडांची जाण असलेल्या स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी. दर पाच वर्षांनी वृक्षगणना, रोपवाटिका, तोडीच्या अर्जांवर निर्णय. ठाणे महापालिका १९८२ची, कल्याण-डोंबिवली १९८३ची; व्यवस्था दोन्हीकडे हीच.

मला धरून ठेवलं ते याच कायद्यातल्या एका कागदाने. झाड तोडायचा अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची आणि तीच त्या झाडावर, दिसेल अशी चिकटवायची. हरकतींना सात दिवस. परवानगी मिळाली तरी पुढचे पंधरा दिवस कुऱ्हाड लावता येत नाही. सरकारी कागद ज्याच्याबद्दल आहे त्याच्याच अंगावर लावायचा, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. ठाण्याच्या नौपाड्यात भाजी आणायला निघालेल्या माणसाला तो वाचायला ना वकील लागतो ना माहितीचा अधिकार.

वाचायची मात्र सवय लागते. कारणाच्या रकान्यात ‘धोकादायक’ असेल तर जाणता माणूस आधी बुंध्याशी वाकतो. मुळाशी अळंबी उगवली आहे का? ठोकून पाहिल्यावर पोकळ वाजतं का? की रस्ता करताना काँक्रीट बुंध्याला भिडवलं म्हणून झाड कलतंय? नुसत्या फांद्या छाटून भागेल का? ‘पुनर्रोपण’ लिहिलेलं असेल तर शंका आणखी वाढते. मोठ्या पर्जन्यवृक्षाची मुळं छाटून तो दुसरीकडे नेला की जगेलच असं नाही. हे सगळं झाडाच्या क्रमांकासह लिहून द्यायचं आणि पोच घ्यायची. पोच नसलेली हरकत बैठकीत कुणाला आठवत नाही.

संस्थांचे प्रतिनिधी प्राधिकरणात हवेत ते यासाठी: हरकत वाचून उठून झाड बघायला जाणारं कुणीतरी टेबलाच्या त्या बाजूला असावं. २०१८मध्ये मुंबईच्या प्राधिकरणात तज्ज्ञच नाहीत म्हणून उच्च न्यायालयाने त्याचे निर्णय रोखले होते. पण तज्ज्ञ आले म्हणजे झाडं वाचतात असंही नाही. ऑगस्ट २०१९मध्ये त्याच प्राधिकरणाने मेट्रो कारशेडसाठी आरे वसाहतीतली २ हजारांहून अधिक झाडं तोडायला मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबवली, तोवर बहुतेक झाडं आडवी झाली होती.

आमच्याकडे अडचण वेगळ्या वाटेने आली. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२०मध्ये आणि ठाण्यात मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६मध्ये. मधल्या काळात आयुक्तच प्रशासक. ज्याच्या हाताखालचा विभाग झाड तोडायचं सुचवतो, त्याच्याच अध्यक्षतेखाली त्यावर निर्णय. समोरून प्रश्न विचारायला निवडून आलेलं कुणी नाही. एखादा अधिकारी भला असेलही. ही रचना त्याच्या भलेपणावर सोडायची नव्हती.

त्यातच या कायद्यातली २०२१ची दुरुस्ती. पन्नास वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज दर्जा मिळाला, हे चांगलं झालं. पण एका प्रकल्पात दोनशे किंवा जास्त झाडं जाणार असतील तर प्रकरण त्या दुरुस्तीने राज्याच्या प्राधिकरणाकडे सोपवलं, म्हणजे सर्वांत मोठी तोड गावातल्या माणसांच्या हातातून निसटली. शिवाय मोठं काम तुकड्यांत दाखवून आकडा दोनशेच्या आत ठेवता येईल, ही धास्ती होतीच. ते तुकडे जोडून वाचणार होतं कोण?

तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी रोपं लावायची, असंही आता कायदा सांगतो. साठ वर्षांच्या झाडामागे साठ. डोंबिवलीच्या फडके रोडला साठ खड्डे खणायला जागा कुठे आहे? रोपं जातात शहराच्या कडेला, आणि सावली हरवते ती गल्लीतल्या लोकांची. दोन्ही शहरांच्या नव्या सभागृहांनी प्राधिकरणाच्या पहिल्याच बैठकीत प्रशासकांच्या काळातल्या रोपांचा हिशेब मागावा: कोणत्या झाडाच्या बदल्यात, कोणत्या जागी, आणि आज जिवंत किती.