सुटलेले किती परततात? तीन दशकांच्या मोजणीचा मागोवा

अमेरिकेच्या न्याय सांख्यिकी विभागाने 1983 साली 11 राज्यांच्या तुरुंगांतून सुटलेल्यांचा माग काढला, तेव्हा तीन वर्षांत 62.5 टक्क्यांना पुन्हा अटक झालेली दिसली. 1994 साली 15 राज्यांत सुटलेल्यांमध्ये हे प्रमाण 67.5 टक्के होते. 2005च्या तुकडीत, 30 राज्यांत, ते 68च्या आसपास राहिले, तर 2012च्या तुकडीत, 34 राज्यांत, 62वर आले. यातून समज रुजला की तिघांतले दोघे पुन्हा गुन्हा करतातच. हा समज टिकत नाही, कारण मोजले काय यावर आकडा ठरतो.

1994चीच तुकडी घ्या. अटकेऐवजी न्यायालयात दोषी ठरणे धरले तर प्रमाण 46.9 टक्के होते आणि नव्या गुन्ह्याच्या शिक्षेसाठी तुरुंगात परतणे धरले तर अवघे 25.4. कोणत्याही कारणाने परतलेले मात्र 51.8 टक्के, कारण त्यांत पॅरोलची अट मोडणारेही येतात. तिथला पॅरोल म्हणजे आपल्याकडची रजा नव्हे, तर देखरेखीखालची सुटका. तिची अट मोडली तरी तुरुंगवास होतो. शिवाय कोणत्याही एका वर्षाच्या तुकडीत वारंवार आत-बाहेर करणाऱ्यांचीच गर्दी असते. संशोधकांनी 2000 ते 2012च्या नोंदी व्यक्तिनिहाय लावल्या, तेव्हा तिघांतले दोघे तुरुंगात परतलेच नाहीत असे आढळले.

यावर आक्षेप येतो की कितीतरी गुन्हे नोंदले जात नाहीत, म्हणून अटकेचा आकडाच वास्तवाला जवळचा. पहिला भाग खरा आहे. पण अटक पोलिसांची नजर कुठे आहे यावरही ठरते, आणि सुटलेला माणूस त्या नजरेखालीच असतो. म्हणून चारही आकडे शेजारी शेजारी ठेवूनच वाचावेत.

अटकेचे आकडे सुटकेनंतरच्या वर्षांनुसार लावले की ते कारणांकडेही बोट दाखवतात. 2005 साली सुटलेल्यांपैकी 44 टक्क्यांना पहिल्याच वर्षी अटक झाली. नवव्या वर्षी 24 टक्क्यांना. गुन्हेगारी केवळ स्वभावात असती तर धोका सुटकेच्या तोंडावर असा एकवटला नसता. याच काळात घर नसते, हातात पैसा नसतो आणि कामाची दारे बंद असतात. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात केलेल्या, 2003 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सारख्याच पात्रतेच्या गोऱ्या उमेदवारांपैकी निष्कलंकांना 34 टक्के ठिकाणांहून बोलावणे आले, तुरुंगाची नोंद सांगणाऱ्यांना 17 टक्के. कृष्णवर्णीयांमध्ये 14 आणि 5. सगळेच बेकार गुन्हे करत नाहीत, हे खरे. पण बंद दारांमुळे धोका वाढतो, हे नाकारता येत नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची मोजणी उलट्या दिशेने झाली आहे: अटक झालेल्यांत पूर्वी शिक्षा झालेले किती? त्यातून सुटलेल्यांचे पुढे काय झाले ते कळत नाही. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाने एका वर्षी सुटलेल्यांचा पाच वर्षे माग ठेवून अटक, दोषसिद्धी आणि तुरुंगवास वेगवेगळे छापावेत. तोवर सुधारणा फसली की साधली, यावरचा कोणताही दावा अंदाजच राहील.