नॅशव्हिल : ऐकीव किती, खरं किती

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याची राजधानी असलेल्या नॅशव्हिलला दोन-तीन दिवसांसाठी जाणारे बरेच जण ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावर उतरतात, तिथेच फिरतात आणि तिथूनच परततात. रस्ता आहेच तसा. कंबरलँड नदीकडून वर चढत जाणाऱ्या चार-पाच चौकांत दोन्ही बाजूंना हाँकी-टाँक, म्हणजे गाण्याचे बार, एकमेकांना खेटून उभे आहेत. निऑनच्या पाट्या, रस्त्याकडे पाठ करून खिडकीत वाजवत बसलेले वादक आणि प्रत्येक दारातून बाहेर पडणारं वेगळं गाणं. नॅशव्हिल म्हणजे एवढंच, अशी समजूत इथूनच तयार होते. ती अपुरी आहे, आणि वेळ थोडा असला की ती महागातही पडते.

आधी ब्रॉडवेबद्दलच्याच गैरसमजांचं बघू. इथलं संगीत रात्रीचं, असं गृहीत धरून लोक दिवस इतरत्र घालवतात. प्रत्यक्षात सकाळी दहा-अकरापासून वादन सुरू होतं आणि पहाटे दोन-तीनपर्यंत चालतं. बहुतेक ठिकाणी आत शिरायला तिकीट नसतं. दिवसा मुलाबाळांसह जाता येतं. संध्याकाळनंतर मात्र अनेक बार एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेश देत नाहीत, म्हणून ओळखपत्र जवळ हवं. आणि प्रवेश फुकट म्हणजे वाजवणारे हौशी, हा तर साफ चुकीचा निष्कर्ष आहे. चार-चार तासांची पाळी वाजवणारे हे कसलेले कलाकार असतात आणि त्यांच्या कमाईचा मोठा भाग टिपमधून येतो. गाण्याची फर्माईश करायची असेल तर स्टेजजवळच्या बरणीत आधी नोट टाकायची, हा इथला रिवाज आहे. जुन्या वळणाचं कंट्री संगीत ऐकायचं असेल तर ‘रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड’ गाठावं. बड्या गायकांच्या नावाने निघालेल्या बहुमजली बारांपेक्षा तिथे गाणं जास्त आहे आणि गोंगाट कमी.

पुढचा घोटाळा ‘ग्रँड ओल ऑप्री’चा. ऑप्री म्हणजे एखादी इमारत किंवा एखाद्या स्टारची मैफल, असं पुष्कळांना वाटतं. ऑप्री हा मुळात रेडिओचा कार्यक्रम आहे. एका विमा कंपनीच्या डब्ल्यूएसएम या केंद्रावर २८ नोव्हेंबर १९२५ रोजी तो सुरू झाला. पहिले वादक होते अंकल जिमी थॉम्पसन, वय ७७, हातात फिडल. केंद्राच्या नावातली अक्षरंसुद्धा त्या विमा कंपनीच्या घोषवाक्याची आद्याक्षरं आहेत. शंभर वर्षं उलटली तरी हा कार्यक्रम थेट प्रसारित होतो आणि निवेदक रंगमंचाच्या कडेला उभा राहून जाहिराती वाचतो. एका प्रयोगात अनेक कलाकार येतात, प्रत्येक जण दोन-तीन गाणी म्हणून जातो. नवखी मुलगी, सत्तरीतला दिग्गज, एखादा विनोदवीर, सगळे एकाच संध्याकाळी. म्हणून यादीतली नावं ओळखीची नसली तरी तिकीट वाया जात नाही.

ऑप्री होते कुठे, यावरून तर अनेकांची संध्याकाळ फसते. ब्रॉडवेला लागून असलेलं रायमन ऑडिटोरियम म्हणजेच ऑप्री, असं समजून लोक तिथे जाऊन थडकतात. नदीवर बोटी चालवणाऱ्या थॉमस रायमन या कप्तानाने सॅम जोन्स या धर्मोपदेशकाच्या प्रवचनाने भारावून ही वास्तू उभारायला घेतली. १८९२ मध्ये ती प्रार्थनागृह म्हणून उघडली. आजही प्रेक्षक चर्चमधल्यासारख्या लाकडी बाकांवर बसतात. १९४३ ते १९७४ या काळात ऑप्री इथे होत असे. वातानुकूलन नव्हतं, कलाकारांना विसावायला धड जागा नव्हती. मागच्या गल्लीतून ते ‘टूट्सीज’ या बारमध्ये जाऊन बसत. १६ मार्च १९७४ रोजी ऑप्री शहराबाहेर, सुमारे पंधरा किलोमीटरवरच्या नव्या प्रेक्षागृहात गेली. पहिल्या रात्री राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तिथे पियानो वाजवला. रायमनच्या रंगमंचावरच्या ओक लाकडाचा सहा फुटी गोल कापून नव्या रंगमंचात बसवला होता. मे २०१० च्या महापुरात प्रेक्षागृह बुडालं, पण तो गोल वाचला. आजही कलाकार त्यावर उभं राहूनच गातात. हिवाळ्यात ऑप्री काही काळ रायमनमध्ये परतते, म्हणून तिकिटावर कोणत्या वास्तूचं नाव आहे ते नीट वाचावं. हॉटेलचंही तसंच. ‘ऑप्रीलँड’ हे नाव पाहून घेतलेली खोली ऑप्रीच्या शेजारी असते, ब्रॉडवेच्या नाही.

नकाशावरच्या अंतरांचे गैरसमज यापेक्षाही महाग पडतात. एल्व्हिस प्रेस्लीचं घर ग्रेसलँड नॅशव्हिलमध्ये नाही. ते मेम्फिसला आहे, पश्चिमेला तीनशे चाळीस किलोमीटरवर. गायिका डॉली पार्टनचं डॉलीवूड उद्यान पूर्वेला, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि तिथलं घड्याळ एक तास पुढे. तीन दिवसांत ही तिन्ही ठिकाणं बसवणाऱ्यांची सहल गाडीतच संपते. आणि रेल्वेने जाऊ म्हणाल, तर नॅशव्हिलला १९७९ पासून ॲमट्रॅकची गाडीच येत नाही. १९०० साली बांधलेल्या देखण्या युनियन स्टेशनचं आता हॉटेल झालं आहे. विमानतळ मात्र सोयीचा, शहराच्या मध्यापासून तेरा किलोमीटरवर. अटलांटाहून येणारी मराठी कुटुंबं गाडीने साधारण चार तासांत पोहोचतात.

एल्व्हिस राहायला मेम्फिसला होता, पण त्याच्या आवाजाचा मोठा ठेवा नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ बीमध्ये आहे. १९५७ साली उभ्या राहिलेल्या या साध्याशा खोलीत त्याने दोनशेहून अधिक गाणी ध्वनिमुद्रित केली. व्हिटनी ह्यूस्टनमुळे १९९२ मध्ये जगभर पोहोचलेलं ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ आपल्याकडेही ठाऊक आहे. ते लिहिलं डॉली पार्टनने आणि १९७३ मध्ये पहिल्यांदा गायलं तेही याच स्टुडिओत. तिथे थेट जाता येत नाही. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम या संग्रहालयातून तिकीट काढावं लागतं, बसही तिथूनच सुटते. संग्रहालयाला अर्धा दिवस हवाच. दोन तासांत उरकू म्हणणारे अर्ध्यातच बाहेर पडतात.

कंट्री म्हणजे खेड्यातल्या लोकांनी सहज जुळवलेली साधी गाणी, ही समजूतही तपासून पाहावी. मूळ खेड्यापाड्यांत आहे हे खरं, पण नॅशव्हिलचं कंट्री पन्नासच्या दशकापासून स्टुडिओत घडत आलं आहे आणि ते घडवणाऱ्यांची शिस्त थक्क करणारी आहे. एका सत्राला तीन तास, त्यात तीन-चार गाणी पूर्ण करायची. एल्व्हिसला साथ देणाऱ्या जॉर्डनेअर्स या गटातल्या नील मॅथ्यूज यांनी यासाठी स्वरसंगतींना आकडे देण्याची पद्धत आणली: एक, चार, पाच. गायकाला पट्टी वर किंवा खाली हवी असेल तर कागद पुन्हा लिहायला नको, आकडे तेच राहतात. षड्ज कुठेही धरला तरी सा-रे-ग-म तेच, हे लहानपणापासून जाणणाऱ्या मराठी श्रोत्याला ही पद्धत चटकन उमगेल.

या शहराचा खरा नायक गायक नसून गीतकार आहे. ते अनुभवायचं ठिकाण ‘ब्लूबर्ड कॅफे’. १९८२ साली एमी कुर्लंड यांनी सुरू केलेला हा कॅफे ब्रॉडवेपासून दूर, ग्रीन हिल्समध्ये, दुकानांच्या एका साध्या रांगेत आहे. खुर्च्या जेमतेम नव्वद. खोलीच्या मध्यभागी तीन-चार गीतकार समोरासमोर बसतात आणि आळीपाळीने आपली गाणी म्हणतात. कोणतं गाणं कसं सुचलं, तेही सांगतात. केनी रॉजर्सचं ‘द गॅम्बलर’ लिहिणारे डॉन श्लिट्झ ही प्रथा १९८५ मध्ये सुरू करणाऱ्यांपैकी एक. गार्थ ब्रुक्स आणि टेलर स्विफ्ट यांच्याकडे ध्वनिमुद्रिका कंपन्यांचं लक्ष गेलं ते याच खोलीत. गाणं चालू असताना बोलायचं नाही, हा इथला कडक नियम. जागा काही मिनिटांत संपतात, तेव्हा विमानाच्या तिकिटाआधी ब्लूबर्डच्या तारखा पाहाव्यात. नाहीच मिळाली तर ‘स्टेशन इन’ला जावं, १९७४ पासून तिथे ब्लूग्रास वाजतं आहे.

आता सर्वांत जुना आणि सर्वांत अन्यायकारक गैरसमज: हे गोऱ्यांचं संगीत आहे. कंट्रीच्या केंद्रस्थानी असलेलं बँजो हे वाद्यच गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांकडून अमेरिकेला मिळालं. ऑप्रीच्या पहिल्या लाडक्या कलाकारांत डीफोर्ड बेली होता, गुलामगिरीत जन्मलेल्या आजोबांचा नातू, हार्मोनिकावर आगगाडी हुबेहूब धावती करणारा. १९२७ मध्ये कार्यक्रमाला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव पडलं, त्या रात्री आगगाडीचीच धून त्याने वाजवली होती. १९४१ मध्ये ऑप्रीने त्याला काढून टाकलं. मग त्याने बूटपॉलिशचं दुकान चालवलं. हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आलं २००५ साली, त्याच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी.

‘म्युझिक सिटी’ हे बिरुद राणी व्हिक्टोरियाने दिलं, अशी आवडती कथा शहरात सांगितली जाते. फिस्क विद्यापीठाचे ज्युबिली सिंगर्स, म्हणजे नुकतेच गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय विद्यार्थी, १८७३ मध्ये राणीसमोर गायले हे खरं. त्यांच्या गाण्यातून उभ्या राहिलेल्या पैशांवर बांधलेला ज्युबिली हॉल आजही उभा आहे. बिरुद मात्र रूढ झालं ते १९५० मध्ये, डब्ल्यूएसएमचे निवेदक डेव्हिड कॉब यांच्या तोंडून. ब्रॉडवेवरच २०२१ मध्ये उघडलेलं आफ्रिकी-अमेरिकी संगीताचं राष्ट्रीय संग्रहालय पाहिलं की कथेपेक्षा खरा इतिहास किती मोठा आहे ते कळतं.

आता खाण्याचं. शाकाहारी माणसाचे हाल होतात का? पूर्ण खोटं नाही, पूर्ण खरंही नाही. शहराची खासियत ‘हॉट चिकन’, म्हणजे तिखटजाळ तळलेलं चिकन. प्रिन्स कुटुंबाने ते प्रसिद्ध केलं. आम्ही तिखट खाणारी माणसं म्हणून थेट वरची पातळी मागवण्याचं धाडस मराठी पाहुण्यांनी करू नये. ‘मीट अँड थ्री’, म्हणजे मांसाच्या एका पदार्थासोबत तीन भाज्या देणाऱ्या खानावळींत मांसाशिवाय नुसत्या भाज्यांचं ताट मिळतं. पण घेवडा आणि पालेभाजी बहुधा डुकराच्या मांसासोबत शिजवलेली असते, हे विचारून घ्यावं. नाव भाजीचं आहे म्हणून विश्वास ठेवू नये.

कधी जावं, याचं उत्तर सोपं आहे: शक्यतो सोमवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी लग्नाआधीच्या पार्ट्यांचे जथे ब्रॉडवे भरून टाकतात. जूनमध्ये चार दिवसांचा सीएमए फेस्ट हा कंट्री संगीताचा महोत्सव असतो, तेव्हा खोल्यांचे दर चढतात. जुलै-ऑगस्ट दमट. ऑक्टोबर उत्तम.

राहिला शेवटचा गैरसमज: कंट्री आवडत नसेल तर तिथे काय ठेवलंय? त्याला उत्तर म्हणून लोक सेंटेनिअल पार्कमधल्या पार्थेनॉनकडे बोट दाखवतात. अथेन्सच्या मंदिराची ही पूर्णाकृती प्रतिकृती, आत बेचाळीस फुटी अथीना. बघावंच. पण मराठी माणसाने त्याआधी चर्च स्ट्रीटवरच्या सार्वजनिक ग्रंथालयातली सिव्हिल राइट्स रूम, म्हणजे नागरी हक्क चळवळीची खोली पाहावी, कारण तिचा धागा नागपूरपर्यंत जातो. जेम्स लॉसन नावाचा तरुण मेथडिस्ट मिशनरी १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता. गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्याने तिथे केला. माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांनी पुकारलेल्या बस-बहिष्काराची बातमीही त्याने नागपूरच्या वर्तमानपत्रातच वाचली. मायदेशी परतल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आग्रहावरून तो दक्षिणेत आला. नॅशव्हिलमध्ये एका चर्चच्या तळघरात त्याने विद्यार्थ्यांना मार खाऊनही हात न उचलण्याचं शिक्षण दिलं. पुढे नागरी हक्क चळवळीचे नेते झालेले डायेन नॅश आणि जॉन लुईस हे त्याच वर्गातले. फेब्रुवारी १९६० मध्ये हे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसनला काढून टाकलं, पण १० मे रोजी शहरातली काउंटर कृष्णवर्णीयांसाठी खुली होऊ लागली. पुढे त्याच विद्यापीठाने लॉसनला अध्यापक म्हणून सन्मानाने परत बोलावलं.

त्या खोलीत तशाच काउंटरची प्रतिकृती आहे आणि तिच्यावर सत्याग्रहींनी पाळलेले दहा नियम कोरलेले आहेत. ब्रॉडवेपासून चालत दहा-पंधरा मिनिटं, प्रवेशाला पैसे नाहीत. नॅशव्हिलला गेलात तर एक सकाळ त्या खोलीसाठी राखून ठेवा, आणि सोबत नागपूरचं कुणी असेल तर त्यांना आधी तिथेच घेऊन जा.