गिटार, फोन आणि मधली डबी

शिकायला येणारी मुलं वर्षभरात कधीतरी इलेक्ट्रिक गिटार घेतात आणि पुढच्याच तासाला विचारतात, "सर, मोबाइलला जोडायला इंटरफेस कुठला घेऊ?" ॲम्प घेण्याचा विषयच नसतो. डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या भिंती अशा आहेत की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आम्हाला मोजता येतात. तिथे रात्री दहा वॉटचा छोटा ॲम्प लावला तरी बेल वाजलीच म्हणून समजा. त्यामुळे ॲम्प फोनमध्ये, आवाज हेडफोनमध्ये आणि या दोघांच्या मध्ये एक डबी, हा सरळ हिशेब.

मी उलट विचारतो, "फोन कुठला आहे?" मुलांना हे टाळाटाळ केल्यासारखं वाटतं. त्यांनी रात्रभर व्हिडिओ बघून दोन-तीन नावं पक्की केलेली असतात, चोवीस बिट की सोळा हेही ठरलेलं असतं. मी म्हणतो, रविवारी ये. गिटार आण, फोन आण, चार्जर आण आणि घरात असेल तो हेडफोन आण. चार्जर कशाला, हे त्यांना रविवारीच कळतं.

त्या रविवारी टेबलावर तीन-चार डब्या मांडलेल्या असतात. सुरुवात मी मुद्दाम डबीशिवाय करतो. गिटारची वायर एका साध्या अडॅप्टरने फोनच्या माइकच्या वाटेवर घालायची आणि वाजवायचं. आवाज येतो, पण घोंगडीखालून आल्यासारखा. वरच्या दोन तारांची चमक गेलेली असते. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेले केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्यातून निघणारा विद्युतप्रवाह अगदी अशक्त, आणि माइकचं इनपुट त्याच्याकडे भरपूर मागतं, कारण त्याचा अडसर जेमतेम एक-दोन हजार ओहमचा. वरच्या मजल्यावर पाण्याला आधीच दाब नाही आणि खालच्याने नळ पूर्ण सोडावा, तशी गत होते. गिटारला समोर साधारण दहा लाख ओहम, म्हणजे एक मेगाओहम लागतो. डबीवर 'हाय-झेड' किंवा 'इन्स्ट्रुमेंट' लिहिलेलं असतं ते यासाठी. आपल्याकडे ज्याला सेमी-अकॉस्टिक म्हणतात त्या गिटारमध्ये नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प असतो. तिला ही अडचण येत नाही, कुठल्याही लाइन इनपुटवर ती सुखाने वाजते. म्हणून फक्त तशी गिटार असलेल्यांना मी निम्मे प्रश्न विचारतच नाही.

मग जुनी, हेडफोनच्या भोकात जाणारी डबी. या प्रकाराला २०१० मध्ये इटलीच्या आयके मल्टिमीडिया कंपनीच्या आयरिगने लोकप्रिय केलं. त्या काळच्या आयफोनच्या जॅकवर चार कड्या असायच्या, दोन कानांसाठी दोन, एक ग्राउंड, एक माइक. डबी गिटार माइकच्या कडीवर चढवते आणि हेडफोन बाकीच्यांवर. स्वस्त, लहान, बॅटरी नाही. त्याच वर्षी गोरिलाझ या बँडने 'द फॉल' हा अल्बम बराचसा आयपॅडवर केला. पुढे कॉम्पटनच्या स्टीव्ह लेसीने आयफोन, गॅरेजबँड ॲप आणि आयरिग एवढ्यावर गाणी रचली. केंड्रिक लमारच्या २०१७ च्या 'डॅम' अल्बममधल्या 'प्राइड'चा पाया त्याने फोनवरच घातला. साधन लहान आहे म्हणून काम लहान होतं असं म्हणणाऱ्यांसाठी हे उदाहरण मला पुरतं.

पण या डबीला एक जन्मजात खोड आहे. जाणारा आवाज आणि येणारा आवाज एकच ग्राउंड वाटून घेतात, त्यामुळे हेडफोनकडे निघालेला थोडा आवाज माइकच्या कडीत झिरपतो. स्वच्छ आवाज वाजवताना कळतही नाही. डिस्टॉर्शन चढवलं की तोच झिरपलेला आवाज पुन्हा पुन्हा मोठा होत शिट्टी मारायला लागतो. मुलगा गेन वाढवतो, हेडफोन कानावरून ओढून काढतो, हसतो. मेटल वाजवणाऱ्याचा या डबीपुरता निर्णय तिथेच होतो. शिवाय २०१६ च्या आयफोन ७ पासून ते भोकच गेलं. आता या डबीसाठी अडॅप्टर, म्हणजे लोंबकळणारी आणखी एक वायर.

यानंतरच्या सगळ्या डब्या डिजिटल. गिटारचा आवाज त्यांच्यातच आकड्यांत बदलतो आणि लाइटनिंग किंवा यूएसबीच्या वायरीने फोनमध्ये जातो. झिरपण्याचा प्रश्न संपतो आणि खरा प्रश्न सुरू होतो, तो म्हणजे उशीर.

रविवारचा सर्वांत जास्त वेळ यातच जातो. तार छेडली, तिचे आकडे झाले, फोनने ते थोडे थोडे गोळा केले, ॲपने त्यांना मार्शल नाहीतर फेंडर ॲम्पसारखा आवाज चढवला, मग ते परत डबीकडे आणि तिथून कानात. फोन आकडे ज्या गठ्ठ्यांत गोळा करतो त्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने १२८ नमुन्यांचा गठ्ठा भरायला सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात. तेवढेच परत जाताना. त्यात डबीचा आणि यूएसबीचा स्वतःचा वेळ मिळवला की चांगल्या जोडीत बेरीज दहा मिलिसेकंदांच्या आसपास येते. हे जास्त आहे का? हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. स्टेजवर ॲम्पपासून साडेतीन मीटर दूर उभ्या राहणाऱ्या वादकाला एवढाच उशीर ऐकू येतो, आणि त्याची तक्रार कोणी ऐकलेली नाही. वीसच्या पुढे बोटांना काहीतरी चिकट लागू लागतं. चाळीसला ताल सुटतो.

आकडे सांगून हे पटत नाही, म्हणून मोजतो. डाव्या हाताने तारा दाबून मुक्या करायच्या आणि प्लेक्ट्रमने एकच 'टक' करायची. शेजारी दुसरा फोन रेकॉर्डिंगला लावून त्याच्या माइकला हेडफोनचा एक कान टेकवून ठेवायचा. त्या रेकॉर्डिंगमध्ये दोन टोकं दिसतात. पहिलं तारेचं हवेतून आलेलं, दुसरं सगळा प्रवास करून हेडफोनमधून आलेलं. मधलं अंतर मोजलं की झालं. कुठल्याही मोफत एडिटरमध्ये हे करता येतं, आणि दुकानात विक्रेत्याने परवानगी दिली तर तिथेही.

आयफोनवर हे अंतर बहुतेक वेळा सुखाचं निघतं. ॲपलचे फोन मोजके, आतली ध्वनियंत्रणा त्यांचीच, आणि ॲप लिहिणाऱ्यांना पहिल्यापासून तिच्यावर भरवसा ठेवता आला. गॅरेजबँड २०११ मध्येच आयपॅडवर आलं. अँड्रॉइडचं तसं नाही. बाहेरच्या यूएसबी ऑडिओला अधिकृत आधार मिळाला तो २०१४ च्या लॉलिपॉप आवृत्तीपासून, आणि उशीर कमी करणारी एऑडिओ ही नवी वाट २०१७ च्या ओरिओपासून. पण फोन बनवणारे शेकडो, आणि प्रत्येकाने आत काय केलंय ते वेगळं. एकाच किमतीचे दोन फोन, एकच डबी, एकच ॲप, तरी एकावर बोटांना काही जाणवत नाही आणि दुसऱ्यावर स्वर मागून चालत येतो. 'डबी वाईट आहे' असं त्या वेळी मुलं म्हणतात, तेव्हा मी तीच डबी दुसऱ्या फोनला लावून दाखवतो.

आयके मल्टिमीडियाने यावर एक वेगळी वाट काढली होती. अँड्रॉइडसाठीच्या आयरिग यूएमध्ये त्यांनी इफेक्टची गणितं करणारी चिप डबीतच घातली, म्हणजे वाजवणाऱ्याचा आवाज फोनचा फेरा करतच नाही. युक्ती मला अजूनही सर्वांत शहाणी वाटते, आणि आज ती वेगळ्या रूपात सहज मिळते. ज्यांना यूएसबी ऑडिओ आहे असे छोटे मल्टि-इफेक्ट पेडल, किंवा थेट गिटारच्या भोकात खोचायचा फेंडर मस्टँग मायक्रोसारखा हेडफोन ॲम्प. आवाज तिथेच तयार होतो, कानात तिथूनच जातो, फोन फक्त रेकॉर्डर. अँड्रॉइडवाल्या मुलाचा फोन मोजणीत नापास झाला तर मी इंटरफेसचं नावच काढू देत नाही, सरळ हे घ्यायला सांगतो. आपण ॲप निवडायचं मजेचं काम गमावतो, पण रोज वाजवतो.

हेडफोन घेऊन ये म्हटल्यावर बहुतेकजण ब्लूटूथ इअरबड आणतात. वायरचा हेडफोन पुष्कळ घरांत उरलेलाच नाही. ब्लूटूथचा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांत असतो. मघाच्या 'टक'ची दोन टोकं स्क्रीनवर एवढी लांब दिसतात की समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे बजेटमध्ये वायरचा हेडफोन धरायचा, आणि तो जोडायला भोक डबीवरच आहे का ते बघायचं. ज्या काळात फोनवर जॅक असायचा त्या काळातल्या काही डिजिटल डब्यांवर हेडफोनची सोय नाही. अशी सेकंडहँड डबी स्वस्त मिळते म्हणून घेतली तर आज ऐकणार कुठून?

टेबलावरच्या मोठ्या डब्यांवर, फोकसराइट स्कार्लेट सोलोसारख्या, 'डायरेक्ट मॉनिटर' असं एक बटण असतं. त्याने गिटार फोनचा फेरा न करता सरळ हेडफोनमध्येही ऐकू येते, उशीर शून्य. गाणाऱ्यासाठी वरदान. पण ॲम्पच्या ॲपबरोबर ते चालू राहिलं की कोरडी, टिणटिणणारी गिटार आधी आणि डिस्टॉर्शनची तिच्या पाठोपाठ, अशा दोन गिटार एकदम वाजतात. ते बटण आधी बंद करायचं.

आता चार्जर. मोठी डबी वीज फोनकडून घेते, आणि फोनला ती द्यायची इच्छा असतेच असं नाही. लाइटनिंगच्या आयफोनला ॲपलचा कॅमेरा अडॅप्टर लावून अशी डबी जोडली की ती जास्त वीज मागते असा निरोप स्क्रीनवर येतो आणि सगळं थंड. त्या अडॅप्टरच्या यूएसबी ३ वाल्या प्रकारात चार्जरसाठी वेगळं भोक आहे ते म्हणूनच. २०२३ च्या आयफोन १५ पासून यूएसबी-सी आलं आणि बाहेर साडेचार वॉटपर्यंत वीज मिळू लागली, तेव्हा ही कटकट बरीच कमी झाली. अँड्रॉइडमध्ये काही फोनांत सेटिंगमध्ये ओटीजी, म्हणजे बाहेरची साधनं जोडायची सोय, चालू करावं लागतं, आणि ते थोडा वेळ काम नसलं की आपणहून बंद होतं.

चार्जर लावला की दुसरीच गोष्ट सुरू होते. आतापर्यंत शांत असलेल्या हेडफोनमध्ये घूं येते. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं. त्याच्या आतल्या स्विचिंगचा कचरा फोन, डबी आणि गिटारच्या तारांपर्यंत पोचतो. तारेला बोट लावलं की कमी, उचललं की जास्त. सिंगल कॉइल पिकअप असेल तर त्यात घरातल्या विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण आणि पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची करकर मिसळते. पंखा पूर्ण वेगावर किंवा पूर्ण बंद केला की करकर थांबते. मे महिन्यात कुठला पर्याय निवडायचा ते सांगायला नको. चार्जरवर उपाय सोपा आहे. त्याच्या जागी पॉवर बँक लावली की घूं जाते. लाइट गेल्यावर जुन्या धाटणीच्या इन्व्हर्टरवर तर गिटार लावूच नये.

चोवीस बिट की सोळा, ४८ किलोहर्ट्झ की ९६, या वादात मी वेळ घालवत नाही. आजची कुठलीही बरी डबी पुरून उरते. त्यापेक्षा गेनची कळ हाताने फिरवता येते का ते बघा. हंबकर पिकअपवाली गिटार जोरात खाजवली तर लाल दिवा पेटतो, सिंगल कॉइलला कळ निम्म्याच्या पुढे न्यावी लागते. कळच नसलेली डबी या दोघींपैकी एकीवर अन्याय करते.

आणि रील. निम्म्या मुलांना रेकॉर्डिंग म्हणजे व्हिडिओच करायचा असतो. आयफोनचं कॅमेरा ॲप यूएसबीवरचा आवाज घेतं, पण घेतं ती कोरडी गिटार, ॲपमधला ॲम्प नाही. शिवाय दोन इनपुटच्या डबीत गिटार एकाच बाजूला बसते आणि बघणाऱ्याच्या एकाच कानात वाजते. डबीला लूपबॅक असेल तर ॲपचा तयार आवाज व्हिडिओत जाऊ शकतो. नसेल तर आवाज वेगळा रेकॉर्ड करून नंतर जुळवायचा. अँड्रॉइडवर तर बाहेरचा आवाज कॅमेरा घेईल की नाही ते वापरून पाहिल्याशिवाय कोणी सांगू नये.

परवा आलेल्या मुलीकडे आयफोन १५ होता, हंबकरची गिटार होती आणि तिला गाण्याचे तुकडे रेकॉर्ड करायचे होते. तिने माइकचं इनपुट असलेली दोन इनपुटची डबी ठरवली. तिच्याबरोबर आलेल्या भावाच्या अँड्रॉइडने मोजणीत तोंड वाकडं केलं. तो पेडल बघायला गेला. जाता जाता तिने विचारलं, "सर, वायर कुठली घेऊ?" दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेली, डेटा जाणारी. चार्जिंगपुरत्या स्वस्त वायरीत डेटाच्या तारा नसतात. डबीचा दिवा लागतो आणि फोनला मात्र काही जोडलंय याचा पत्ता नसतो. दुकानातच लावून बघ म्हणालो.